जावजी दादाजी : एका मालकाची परीक्षा त्याच्या छापील पानांवरून

पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या मंडळींमध्यें छापील पुस्तकाविषयीं एक प्रकारची उदासीनता असते. हस्तलिखिताचें एखादें सुटें पान हातीं आलें, तर त्याचा कागद, शाई, अक्षराचें वळण, पुष्पिका, हरताळ लावून केलेल्या दुरुस्त्या, यांचा विचार आपण घटका घटका करतों. पण त्याच ग्रंथाची निर्णयसागर छापखान्याची प्रत शेजारीं असली, तर ती पाठ ताडून पाहण्यापुरती उघडून पुन्हां मिटून ठेवतों. ते खिळे कोणी कोरले, तो ग्रंथ छापण्यास पैसा कोणी घातला व कां घातला, हे प्रश्न आपल्या मनांत सहसा येत नाहींत. प्रस्तुत लेखांत हेच प्रश्न घ्यावयाचे आहेत. जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांचें चरित्र नव्यानें लिहिण्याचा आमचा हेतु नाहीं. धंदा वाढवितां वाढवितां एक धंदेवाला माणूस स्वतः कसा वाढला, आणि त्याची ती वाढ त्याच्या छापील पानांवरून वाचतां येते किंवा नाहीं, इतकेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

चरित्राची चौकट थोडक्यांत अशी. जन्म गरीब मराठा कुटुंबांत. घरची स्थिति बेताची असल्यामुळें वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास मुलगा कामास लागला. हें काम मुंबईंतील अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत, दरमहा दोन रुपये वेतनावर, ओतलेले खिळे घासण्याचें होतें. पुढें इंदुप्रकाश, ओरिएंटल अशा छापखान्यांतून नोकरी करीत १८६४ सालीं त्यांनीं खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला. १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना सुरू केला. आणि १८९२ सालीं, साठीही न गांठतां, ते निवर्तले. शाळा त्यांच्या वाट्यास फारशी आली नाहीं, आणि ते पंडित तर मुळींच नव्हते. तरीही आज आपल्या संग्रहांतील कोणतीही काव्याची वा अलंकारशास्त्राची पोथी पुरी आहे कीं अपुरी, हें ठरवितांना आपण ज्या ग्रंथाकडे हात करतों, तो बहुधा याच माणसाच्या छापखान्यांतून निघालेला असतो.

अमेरिकन मिशनचा छापखाना हें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील मराठी मुद्रणाचें एक प्रकारचें गुरुकुलच म्हणावें लागतें. तेथें टॉमस ग्रॅहम या कारागिरानें देवनागरी खिळे पूर्वीपेक्षां लहान व सुबक करण्याचें काम केलें. १८३१ सालीं पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी हेही मिशनऱ्यांचें छपाईचें काम पाहूनच या धंद्याकडे वळले. धर्मप्रसारासाठीं घातलेल्या या पाठशाळेंतून शेवटीं पंचांगें व काव्यशास्त्राचे ग्रंथ छापणारे लोक निघाले, ही गोष्ट मिशनऱ्यांच्या अपेक्षेंत खास नसावी. विद्या शिकविणाराच्या हेतूशीं शिकणारा बांधलेला नसतो, हें आम्हां शिक्षकांस ठाऊक असतें; पण त्याचें इतकें ठसठशीत उदाहरण विरळा.

खिळे घासण्याचें काम म्हणजे काय, हें सांगितल्याशिवाय पुढचें समजणार नाहीं. प्रथम पोलादाच्या दांडीच्या टोकावर अक्षर उलटें कोरतात. हा मूळ ठसा. तो तांब्याच्या तुकड्यांत ठोकला म्हणजे तेथें अक्षराची खोलगट मातृका तयार होते. ती सांच्यांत बसवून तींत शिसें, अंजन व कथील यांचा वितळविलेला मिश्र धातु ओतला कीं खिळा निघतो. पण सांच्यांतून निघालेल्या खिळ्याच्या अंगावर धातूची कुसळें राहतात. तीं दगडावर घासून काढल्याविना दोन खिळे एकमेकांस लागून बसत नाहींत. आणि देवनागरीची अडचण अशी कीं येथें अक्षरें नुसतीं शेजारीं बसून भागत नाहीं, तर त्यांच्या शिरोरेषा जुळून एक अखंड रेघ दिसावी लागते. घासणाऱ्या पोराचा हात केसभर अधिक चालला, तर ती रेघ तुटते. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार व जोडाक्षरें धरून खिळ्यांचे प्रकार शेंकड्यांनीं मोजावे लागतात, आणि त्यांतला प्रत्येक या घासण्यांतून जातो. दहा वर्षांचें पोर हें काम वर्षानुवर्षें करीत राहिलें म्हणजे कोणतें अक्षर कोठें दगा देतें, याचें ज्ञान त्याच्या बोटांत उतरतें. निर्णयसागराच्या पुढील काळांतील पानावरील सलग शिरोरेषा पाहिली, कीं त्या दोन रुपयांच्या नोकरीची आठवण झाल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

१८६४ हें साल लक्षांत घेण्यासारखें आहे. अमेरिकेंतील यादवीमुळें तिकडचा कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला होता, हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि मुंबई शहर शेअरांच्या नादानें वेडें झालें होतें. समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या कागदावर निघत व त्यांचे भाग दुसऱ्या दिवशीं दुपटीनें विकले जात. १८६५ सालीं यादवी संपली आणि हा सारा डोलारा कोसळला. लक्षाधीश म्हणविणारे लोक दिवाळखोरींत गेले. ज्या वर्षीं शहरांतील बुद्धिमान् माणसांस कागदावरचा पैसा दिसत होता, त्या वर्षीं पंचविशींतला एक कारागीर शिशाचे खिळे ओतण्याची भट्टी पेटवीत होता. यावरून त्यांस पुढचें दिसत होतें असें म्हणणें ही भाविकता होईल. आपणांस जें येतें तेंच त्यांनीं धरलें, इतकाच याचा अर्थ आम्ही घेतों. पण तो थोडा नव्हे.

शिवाय भट्टी आणि छापखाना यांमध्यें पांच वर्षांचें अंतर आहे, हेंही विसरूं नये. या पांच वर्षांत खिळे ओतून दुसऱ्या छापखान्यांस विकणें हाच मुख्य धंदा होता. आमचें अनुमान असें कीं निर्णयसागराचा खरा पाया याच काळांत घातला गेला. खिळे विकणाऱ्याकडे प्रत्येक गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतें: अमका उकार लवकर मोडतो, तमकें जोडाक्षर संचांत पुरत नाहीं, मात्रा वरच्या ओळीस अडते. पुस्तकें छापणारा मालक ज्या चुका स्वतःच्या पदरचे पैसे घालून शिकतो, त्या जावजींस गिऱ्हाइकांनीं फुकट शिकविल्या असाव्यात. मात्र तक्रार ऐकून घेण्याची संवय असली तरच हें शिक्षण मिळतें. आणि ही संवय नोकरींतून मालकींत आलेल्या माणसास टिकवून धरतां येतेच असें नाहीं.

आतां राणोजी रावजी आरू यांच्याकडे वळूं. जावजींचे हे जुने सोबती व कुशल ठसेकोरे. निर्णयसागरी अक्षराचें जें वळण पुढें देशभर नांवाजलें गेलें, तें राणोजींच्या हातचें. मालक जावजी, अक्षर राणोजींचें, ही गोष्ट मुद्रणाचे अभ्यासक जाणतात. सामान्य वाचक जाणत नाहीं. पण आम्हांस यांत राणोजींच्या कौशल्याइतकेंच जावजींच्या स्वभावाचें दर्शन घडतें. जावजी स्वतः खिळ्यांच्या कामांतले मुरलेले होते. अशा मालकाची खोड ही असते कीं दुसऱ्याच्या हातांतील कानस काढून घेऊन "असें कर" म्हणून दाखवावें. ज्या मालकास काम येत नाहीं त्यास कारागीर सांभाळून घेतो. ज्यास काम येतें पण आपणांहून अधिक येणारास जो वाव देतो, असा मालक मिळणें कठीण. राणोजींचें वळण सैल न पडतां, निरनिराळ्या आकारांच्या संचांत एकाच हाताचें राहिलें, यावरून त्यांच्या हातावर वरून दुसरा हात पडत नव्हता असें आम्हीं ठरविलें आहे. एखाद्या पोथींत मध्येंच लेखक बदलला तर तो आपणांस अक्षरावरून लगेच ओळखतां येतो; तीच कसोटी येथें लावावी.

छापखाना निघाल्यावर त्यानें काय छापलें, हेंही मालकाच्या मनाचें चित्र आहे. पंचांगें, पोथ्या, स्तोत्रें ही नित्याच्या खपाची बाजू. लांबट सुट्या पानांच्या आकारांत छापलेल्या पोथ्या आपल्या पुष्कळांच्या देवघरांत अजून सांपडतील; नव्या यंत्रावर छापून जुन्या पोथीचा आकार कायम ठेवणें हा गिऱ्हाइकाच्या श्रद्धेचा मान राखण्याचाच प्रकार होता. १८८१ सालीं विनायक कोंडदेव ओक यांचें मुलांसाठीं 'बालबोध' मासिक निघालें. मराठी कवींसाठीं 'काव्यसंग्रह' निघाला व त्यांत वामन दाजी ओक यांनीं मोठें काम केलें. आणि १८८६ सालीं 'काव्यमाला' सुरू झाली.

काव्यमालेचें व्यवहारी अंग आपल्या मंडळींनीं फारसें पाहिलेलें नाहीं. संस्कृत काव्य, नाटक, अलंकार यांचे अप्रसिद्ध ग्रंथ मासिकाच्या रूपानें थोडे थोडे छापावयाचे, आणि मग पुरा झालेला ग्रंथ वेगळा पुस्तकरूपानें द्यावयाचा, अशी ही योजना होती. लहान स्तोत्रें व खंडकाव्यें 'गुच्छक' या नांवाखालीं एकत्र गुंफलीं. असे चौदा गुच्छक झाले. मोठा ग्रंथ एकदम छापावयाचा तर कागद, जुळणी व शिळक प्रती यांत भांडवल वर्षानुवर्षें अडकून पडतें. मासिकामुळें तेंच भांडवल हप्त्याहप्त्यानें मोकळें होतें, आणि ग्राहक किती आहेत हें पहिल्या कांहीं अंकांतच कळतें. सरकारी मुंबई संस्कृत ग्रंथमालेस सरकारचा आधार होता. काव्यमालेस तसा आधार नव्हता. तिला महिन्याच्या महिन्यास आपल्या पायांवर उभें राहावें लागे. 'रसगंगाधर' (१८८८), टीकेसह 'गाथासप्तशती' (१८८९), रत्नाकराचें 'हरविजय' (१८९०), 'ध्वन्यालोक' (१८९१) असे ग्रंथ पांच-सहा वर्षांत लोकांपुढें आले, ते या हिशेबाच्या जोरावर. विद्वत्तेची गोष्ट सांगतांना हिशेब वगळण्याची आपली रीत आहे. ती आम्हांस पटत नाहीं.

संपादक दोन. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशीनाथ पांडुरंग परब. दुर्गाप्रसादांचा संग्रहांशीं संबंध दांडगा. पीटर्सन यांच्याबरोबर त्यांनीं 'सुभाषितावलि' संपादिली व 'राजतरंगिणी'चेंही संपादन केलें. परब हे छापखान्याच्या अंगणांतले. रघुवंशापासून कितीएक पाठ्यग्रंथ त्यांच्या हाताखालून गेले. आम्हीं शाळेंत ज्या रघुवंशावर मुलांस मल्लिनाथ वाचावयास शिकविला, तो परबांचाच. मुलें त्या बारीक टायपास नांवें ठेवीत आणि अनुस्वार मोजण्याची पैज लावीत; एकही सुटलेला न सांपडल्यामुळें पैज बहुधा फुकट जाई.

येथें एक नाजूक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ज्या समाजांत शास्त्रग्रंथांचा अधिकार कोणाचा, यावर शतकानुशतकें वाद झाले, त्या समाजांत शास्त्री-पंडितांस वेतन देणारा, कोणता ग्रंथ छापावा याचा शेवटला शब्द ज्याचा, असा मालक ब्राह्मणेतर होता. छापील ग्रंथास विटाळ मानणारे, शाईंत चरबी असते म्हणून सोंवळ्यांत पुस्तक न घेणारे लोक त्या शतकांत होतेच. गणपत कृष्णाजींनीं शाईंत तूप घातल्याची आख्यायिका त्याच भयांतून निघाली. अशा स्थितींत जावजी व पंडित यांचा संबंध दोन्ही बाजूंनीं अवघड होता. मालकानें पांडित्याचा आव आणला असता तर पंडित टिकले नसते; पंडितांनीं मालकास केवळ पैशाची थैली मानलें असतें तर मालक टिकला नसता. ग्रंथाचा पाठ काय असावा हें पंडितांनीं ठरवावें, तो पानावर कसा दिसावा हें छापखान्यानें ठरवावें, ही वांटणी काव्यमालेच्या प्रत्येक पानावर दिसते. आमच्या मतें जावजींचें मोठेपण त्यांच्या मिळकतींत नाहीं, तें या वांटणींत आहे. आपणांस काय येत नाहीं हें त्यांस नेमकें ठाऊक होतें, आणि जें येत नव्हतें त्यापुढें त्यांनीं आपली मालकी आंखडती घेतली.

पानाचीच साक्ष काढूं. आपल्या संग्रहांत त्रिपाठ पोथ्या असतात: मधोमध मोठ्या अक्षरांत मूळ, वर व खालीं बारीक अक्षरांत टीका. डोळ्यास मूळ व टीका एकदम दिसावी, ही लेखकाची युक्ति. छापील पुस्तकांत ही रचना जशीच्या तशी आणणें अवघड. म्हणून निर्णयसागरानें तीन आकार योजले. मूळ श्लोक ठळक, त्याखालीं टीका मध्यम, आणि तळाशीं पाठभेद व टिपा अतिसूक्ष्म. पोथ्यांस क, ख, ग अशा खुणा दिल्या, आणि पोथी कोठून मिळाली याची नोंद टिपेंत केली. ज्या गृहस्थांनीं आपली पोथी विश्वासानें मुंबईस धाडली, त्यांचें ऋण अशा रीतीनें पानावरच फेडलें गेलें. संग्राहकांनीं या तळटिपा कोशासारख्या वाचाव्यात अशी आमची सूचना आहे. कोणती पोथी त्या काळीं कोणाकडे होती, हें शोधण्याचें तें एक हुकमी साधन आहे.

या ग्रंथांत दोष आहेत, आणि ते लपविण्याचें कारण नाहीं. पुष्कळ ग्रंथ मोजक्या पोथ्यांवरून छापले गेले. मासिकाची तारीख गांठावयाची असल्यामुळें आणखी पोथ्यांची वाट पाहण्यास सवड नसे. 'ध्वन्यालोका'वरील अभिनवगुप्ताचें 'लोचन' १८९१ च्या आवृत्तींत पहिल्या तीन उद्योतांपुरतेंच आलें. चौथ्या उद्योताचें लोचन पुढें सुशीलकुमार डे यांनीं प्रसिद्ध केलें. भांडारकर संस्थेनें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठीं जी पद्धति लाविली, त्या तराजूंत काव्यमाला तोलूं गेल्यास ती हलकी भरेल. पण जें मिळालें नाहीं तें रचून भरून काढण्याचा मोह संपादकांनीं आवरला, आणि अपुरा ग्रंथ अपुरा म्हणून छापण्यास मालकानें हरकत घेतली नाहीं. अपुरा माल विकणें दुकानदारास जड जातें. ज्या शास्त्र्यांनीं पुढें काव्यमालेच्या चुका दाखविल्या, त्यांनीं त्या काव्यमालेची प्रत समोर ठेवूनच दाखविल्या.

आणखी एक पुरावा मुखपृष्ठाच्या पाठीमागें असतो व तो बांधणारे लोक कापून टाकतात. निर्णयसागराच्या ग्रंथांवर मुद्रक म्हणून मालकाचें नांव नेहमीं येत नाहीं. एका काळांत बाळकृष्ण रामचंद्र घाणेकर, पुढें रामचंद्र येसू शेडगे, अशीं छापखान्यांत काम पाहणाऱ्या माणसांचीं नांवें येतात, आणि पत्ता कोलभाट गल्लीचा. यावरून मालकांनीं नोकरांस मान दिला असें कोणी म्हणेल. त्यावर आमचा आक्षेप असा कीं १८६७ च्या २५ व्या कायद्यानें मुद्रकाचें नांव छापणें सक्तीचेंच होतें, आणि कायद्याची जबाबदारी मुद्रकावर येत असल्यामुळें हें नांव देणें म्हणजे कांहीं वेळां धोकाही दुसऱ्याच्या माथीं देणें होय. म्हणून नुसत्या नांवावरून आम्ही कांहीं अनुमान काढीत नाहीं. परंतु तींच तींच नांवें वर्षानुवर्षें टिकून राहतात, हा पुरावा निराळा आहे. शिशाची धूळ, अपुरा उजेड, उलटीं अक्षरें वाचून शिणलेले डोळे, अशा धंद्यांत माणसें एका छताखालीं दीर्घकाळ राहिलीं, याचें कांहीं तरी कारण असलें पाहिजे. केवळ पोटाची गरज म्हणावी तर मुंबईंत छापखान्यांचा तोटा नव्हता.

१८९२ सालीं जावजी वारले, आणि त्याच वर्षीं पंडित दुर्गाप्रसादही गेले. मालक व प्रमुख संपादक एका वर्षांत नाहींसे झाले म्हणजे असली ग्रंथमाला सहसा बुडते. ही बुडाली नाहीं. परबांच्या जोडीस पंडित शिवदत्त आले, आणि भरताचें 'नाट्यशास्त्र' १८९४ सालीं काव्यमालेंत बाहेर पडलें. त्यापूर्वीं हा ग्रंथ समग्र कोणीही छापलेला नव्हता. पुढें वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर, नारायण राम आचार्य अशा पंडितांची परंपरा विसाव्या शतकांतही चालली. माणूस गेल्यावर काम चालू राहतें कीं नाहीं, हीच त्याच्या कारभाराची परीक्षा मानिली, तर जावजी तींत उतरले असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

पुत्र तुकाराम जावजी मालक झाल्यावर मुखपृष्ठावरील इंग्रजी मजकुरांत त्यांनीं स्वतःस 'जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे मालक' असें म्हणवून घेतलें. छापखाना कायद्यानें आपला झाला तरी नांव वडिलांचेंच ठेवलें. मागाहून पांडुरंग जावजी हें नांव येऊं लागलें तेव्हां हा लांबलचक मजकूर गळाला. ज्या प्रतींवर सालाचें पान फाटलें आहे, त्यांचा काळ ठरविण्यास हा बदल उपयोगी पडतो. तसाच पत्त्यांतील घरक्रमांकाचा बदलही पडतो, कारण २३ हा आंकडा आधींच्या व २६-२८ हा नंतरच्या ग्रंथांवर आढळतो. या ग्रंथांच्या छायामुद्रित आवृत्त्या अलीकडे वाराणसी-दिल्लीच्या प्रकाशकांनीं काढल्या आहेत. पण त्यांत मूळ मुखपृष्ठ पुष्कळदां गाळून नवें घातलेलें असतें. म्हणून ज्यांच्याकडे काव्यमालेचे सुटे मासिक अंक वेष्टनांसह शिळक असतील, त्यांनीं ते बांधणीस देण्यापूर्वीं वेष्टनें वेगळीं काढून, अंकाचा अनुक्रम वर पेन्सिलीनें टिपून, पोथ्यांबरोबरच बासनांत ठेवावीं.